धुण्याच्या यंत्राची लाल खुंटी

उमापूरचा धोंडीराम देशमुख येत नसलेली गोष्ट येते म्हणून सांगण्यात पटाईत. गावात पटकीची साथ शिरली, परटाच्या घरातली दोन माणसं दगावली आणि उरलेली बिऱ्हाड उचलून निघून गेली, तेव्हा त्यानं ओसरीवर मिशीला पीळ देत जाहीर केलं, "परीट गेला तर जाऊ द्या. मी हैदराबादेहून धुण्याचं यंत्रच आणतो. दांडा फिरवला की धुणं झालं!"

या बढाईमागं एक खरं दुखणं होतं. त्याची आई साखराबाई अंथरुणाला खिळलेली. तिची घाण झालेली धडुती रोज ओढ्यावर धुता धुता त्याच्या बायकोचे, मुक्ताबाईचे, हात खारानं सोलून निघाले होते. भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. ते पाहिलं की धोंडीरामच्या घशाखाली घास उतरत नसे.

जालन्याच्या स्टेशनापासून बैलगाडीतून आणि गोदावरीवर नावेतून यंत्र घरी आलं. चार पायांवर लाकडी पिंप आणि बाजूला लोखंडी दांडा. मुक्ताबाईनं धडुती टाकली, पाणी ओतलं. धोंडीरामनं बाह्या सारून दांड्याला हात घातला. दांडा हलेना.

करडीचं तेल पाजून झालं. मग गड्यांनी जोर लावला, तर गड्यांसकट पिंप अंगणभर सरकलं आणि दांडा होता तिथंच राहिला.

"दुकानदारानं काय सांगितलं व्हतं?" मुक्ताबाईनं विचारलं.

"लई सांगितलं. उर्दूत."

"तुमाला तर येती की उर्दू."

"कोर्टाची येती. ही दुकानाची व्हती."

रामकिसन लोहाराला बोलावणं गेलं. त्यानं वैद्यानं पोट तपासावं तसं पिंप ठोकून पाहिलं, खाली वाकला, आणि एकदम वहाणा काढून हात जोडले. दांड्याच्या मुळाशी एक लालभडक खुंटी होती.

"मालक, ह्याला शेंदूर हाय. आत देव बसवलाय. मी हातोडा लावणार न्हाई."

पटकीच्या दिवसांत शेंदराशी वाद कोण घालणार? पटकीची देवी मरीआई स्वतः गाडीत बसून हैदराबादेहून आली, असं संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायका नारळ घेऊन आल्या, खुंटीला तेल-शेंदराची बोटं लागली, पिंपाला हिरवं लुगडं नेसवलं गेलं. धडुत्यांची पाटी घेऊन मुक्ताबाई त्याच गर्दीतून वाट काढत ओढ्यावर जात राहिली.

एका सकाळी अंगणात कुणी नाही असं बघून तिनं नवऱ्याला हाक मारली. लुगडं वर केलं आणि फडक्यानं खुंटी खसाखसा पुसली. लोकांचा शेंदूर फडक्याला आला. खालचा लाल तसाच राहिला.

"अहो, ह्यो रंग हाय. पाटाला देत्यात तसला. वाटंत पिंप फिरू नये म्हणून खुंटी ठोकली आसंल, आन् काढायची इसरू नये म्हणून लाल केली आसंल."

"आगं, पण देवी कोपली तर?"

तिनं दोन्ही तळवे त्याच्यापुढं धरले. "आजून काय कोपायचं ऱ्हायलंय?"

तिनं पाटीतली धडुती पिंपात टाकली, पाणी ओतलं आणि खुंटी उपसली. दांडा गर्रकन फिरला आणि पिंपात पाणी घुसळून निघालं. धोंडीराम घाम गाळत दांडा फिरवत राहिला, मुक्ताबाई उंबऱ्यावर बसून हसत राहिली. ती अशी हसते हे तो विसरूनच गेला होता.

दुपारी रामकिसन लोहाराला उलट्या लागल्या आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. महिनाभर गावात रोज कुणी ना कुणी जातच होतं, पण या मरणाला गावानं कारण शोधून काढलं: सकाळी देशमुखाच्या अंगणात देवीची खुंटी उपसली गेली होती. मसणवट्यातून परतलेली माणसं तडक देशमुखाच्या अंगणात आली. गावच्या बंकट पाटलानं अंगणात पडलेली खुंटी उचलून धोंडीरामच्या हातात दिली.

ते साधं लाकूड आहे, हे धोंडीरामला पक्कं ठाऊक होतं. बोलायला तोंड उघडलं, पण समोर रामकिसनचा भाऊ उभा होता. बायकोकडं न बघता त्यानं खुंटी पुन्हा जागेवर ठोकली आणि सगळे बघतायत म्हणून आणखी दोन घाव जास्त घातले.

मग पंचांनी ठरवलं, की देवीचं लुगडं दर मंगळवारी बदलायचं आणि उतरलेलं लुगडं घरच्या सुनेनं धुवायचं.

"लई मोठा मान हाय, वैनी," बंकट पाटील म्हणाला.

मुक्ताबाईनं लुगड्याची घडी हातात घेतली. "आन् हे कशात धुऊ?" तिनं नवऱ्याला विचारलं.

धोंडीरामनं यंत्राकडं पाहिलं, पंचांकडं पाहिलं आणि ओढ्याकडं बोट दाखवलं.