बिराजदार सरांचा तास

बिराजदार सर रिकाम्या खुर्च्यांना भूगोल शिकवायचे. उमरग्यातल्या त्यांच्या बैठकीत प्लास्टिकच्या चार खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, भिंतीला फळा आणि मोबाईल खिडकीच्या गजाला नाडीनं बांधलेला. एका खुर्चीचा पाय आखूड होता. पंख्याच्या वाऱ्यानं ती डुगडुगली की सर ओरडायचे, "ए मागच्या, नीट बस!"

वेड लागलं नव्हतं त्यांना. संताप होता. लॉकडाऊनमध्ये कॉलेज अचानक बंद झालं आणि आम्हा प्राध्यापकांना मोबाईलवरून शिकवायचा हुकूम आला. कसं, ते कुणी सांगितलं नाही. पोरांकडं फोन आहेत का, हेही कुणी विचारलं नाही. येरमाळ्याची पोरं रेंजसाठी देवीच्या डोंगरावर जाऊन बसत. सर भडकायचे, "देवळाला कुलूप, आन् पोरं उन्हात! कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?"

पडद्यावर सगळे काळे चौकोन. सर घडोघडी विचारत, "कळतंय का?" चौकोन गप्प. एकदा फटाक्यांच्या कारखान्यांच्या तेरखेड्यातल्या पोराचा माईक चुकून चालू राहिला आणि मागं धडाड्‌दिशी फटाका वाजला. सर म्हणाले, "चला, कुणीतरी जिवंत हाय!"

अशातच प्राचार्यांनी मला, विभागप्रमुखाला, फोन केला. "कोण खरंच शिकवतं, ते गुपचूप बघा. स्क्रीनचे फोटो पाठवा." साधं इंटरनेट न देणाऱ्यांना पुरावा मात्र हवा होता! तिथंच नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. लेकीच्या नावानं सरांच्या तासाला शिरलो. कॅमेरा बंद, माईक बंद. हे आजवर मी घरातसुद्धा बोललो नाही.

तास संपला. पोरं भराभरा निघून गेली. फोटो काढायच्या नादात माझा एकटाच चौकोन मागं राहिला.

"बाळ, तू ऱ्हायलीस व्हय? काय अडलंय का?"

मी घाईघाईनं बाहेर पडायचं बटण शोधू लागलो.

"रेंज न्हाय वाटतं. असू दे. लगेच जाऊ नको. आमची मंडळी वारल्यापास्नं या घरात माझाच आवाज मला ऐकू येतो बघ. तास सुरू असला की जरा बरं वाटतं. पण कुणी व्हय म्हणंना, न्हाय म्हणंना..."

मला पुढं ऐकवेना. माईक सुरू केला. "सर, मी पाटील."

सर दचकले. "तुम्ही? कवापास्नं बसलाय?"

"सुरुवातीपासून. लक्ष ठेवायला सांगितलं होतं."

आता शिव्या पडणार म्हणून मी मान खाली घातली. पडणं योग्यच होतं. पण वर बघितलं तर सर चष्मा काढून फोनच्या अगदी जवळ आले होते.

"म्हंजे सगळा तास ऐकला तुम्ही?"

"हो सर."

"मग सांगा की हो, कसा झाला?"