कोब्याची उलटतपासणी

रोहन, इरा, मागे व्हिडिओ कॉलवर आप्पाआजोबा जमिनीला कान लावून पालथे दिसले आणि तुम्ही घाबरलात. काल इराने पुन्हा विचारलं, "तेव्हा आजोबा पडले होते का?" आता काम पुरं झालं आहे, म्हणून सगळं लिहिते.

पडले नव्हते. उलटतपासणी चालू होती.

आप्पाआजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, बेळगावच्या कोर्टात जन्मभर वकिली करून निवृत्त झाले. आजारपणानंतर त्यांच्या बायकोचा, तुमच्या सुमनआजीचा, डावा पाय उचलत नाही, घासत जातो. जुन्या फरशीच्या कडेला अडखळून ती पडली आणि तिने चालणंच सोडलं. रोज सकाळी माझ्याकडे चहाला येणारी सुमन कॉटवर बसून राहिली. चालली नाही तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं.

भावजींनी आमच्या सामाईक घरातल्या त्यांच्या बाजूची सगळी फरशी उखडली. सिमेंटचा नवा कोबा झाला. आता त्यावर टाइल्स चिकटवायच्या, तर भावजी माझं लाटणं घेऊन गेले आणि कोबा ठोकून ऐकायला लागले. भरीव आवाज आला की साक्षीदार खरा. पोकळ आला, म्हणजे तिथली टाइल पुढे सुटणार, की खडूची फुली. "वहिनी, हा कोपरा खोटं बोलतोय." त्या दिवशी पोळ्या मी बाटलीने लाटल्या.

नंदगडचा गवंडी मल्लाप्पा वैतागला. "वकीलसायेब, वर टाइल्स आल्यावर खाली कोण बघतंय?"

"म्हणून तर आत्ता बघतोय रं."

फुल्यांखालचा कोबा फोडून, धूळ धुऊन पुन्हा भरला. कोबा पक्का व्हावा म्हणून वर अंथरलेल्या पोत्यांवर पाणी मारायला भावजी स्वतः. शेजारी कुंपणावरून विचारायचे, आज निकाल का तारीख? भावजी गंभीरपणे सांगायचे, तारीख.

सगळे कोपरे खरे ठरले तरी टाइल्सना परवानगी मिळेना. एका दुपारी मी लाटणं मागायला गेले. भावजींनी सुमनच्या चपला घातल्या होत्या. डोळे मिटून, डावा पाय घासत, कॉटच्या जागेपासून माझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडे येत होते. दाराशी कोब्याच्या उंचवट्याला चप्पल अडली. तिथेच उभे राहून त्यांनी मल्लाप्पाला हाक मारली.

"इथं अडतंय."

मल्लाप्पाने चपलांकडे पाहिलं. "व्हय सायेब," एवढंच म्हणाला आणि थापी घेऊन खाली बसला.

टाइल्स बसल्या. पहिल्या सकाळी सुमन निघाली. भावजींनी आधाराला हात दिला नाही. हात मागे बांधून उभे राहिले, निकालाच्या दिवशी उभे राहायचे तसे. दाराशी ती क्षणभर थांबली. मग पाय घासत आत आली, बसली, चहाचा घोट घेतला.

"आक्का, आलं विसरलात."

भावजींचे मोठे खटले मला आठवत नाहीत. पण हा जिंकलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

लाटण्यावरचा सिमेंटचा डाग काही निघत नाही. आणि सकाळचा चहा सुमन अजून माझ्याकडेच पिते, स्वतःच्या पायांनी येऊन.