शैलाताईंची टिचकी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शैलाताईंसमोर डुलकी काढायची सोय नाही. फ्रँकफर्टच्या आमच्या मंडळात गणपतीला कुणाचं तरी लांबलचक भाषण चाललं होतं आणि माझा नवरा मंदार पाय पसरून पेंगत होता. शैलाताई सरकत सरकत जवळ आल्या, त्याच्या तळपायावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "श्वास घे रे, राजा."

मंदार दचकला. "घेत होतो की!"

"मला काही हालचाल दिसली नाही."

शैलाताई नर्स. आधी मिरजेत, मग इथे, सगळा जन्म अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात गेला. ही बाळं झोपेत श्वास घ्यायलाच विसरतात, मग तळव्याला टिचकी मारून आठवण करून द्यायची. सवय हाताला लागली, ती लागलीच.

आवाजाचंही तेच. बाळं दचकू नयेत म्हणून आयुष्यभर कुजबुजल्या. हीटिंग बंद पडलं की हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या ऑफिसला, फोन करायला मला बोलावतात. त्या कानात जर्मन पुटपुटतात, ओरडायचं मी.

पन्नाशीनंतर त्यांनी पीएचडीला नाव घातलं. मी कारण विचारलं.

"पाठ गेली गं. बसून काय करता येतं ते शोधलं."

विषय घेतला बाळांना होणाऱ्या स्पर्शाचा. अर्धा आठवडा वॉर्ड, उरलेला विद्यापीठ. एस-बानच्या लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचायच्या, म्हणजे बसायचं राहिलंच. एका संध्याकाळी कामावरून आले तर जिन्यातच बसलेल्या, दप्तर मांडीवर.

"प्रोफेसरबाई म्हणतात, यात तुमच्या भावना फार आहेत. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर. काढल्या. आता प्रबंधच उरला नाही." मग डोळे मिटून म्हणाल्या, "सोडते मी. मला झेपत नाही. बाई इतकी लहान आहे गं, मी आंघोळ घातली असती तिला."

मी घरात नेऊन वरणभात वाढला. जेवल्या, ताट विसळलं, आणि वर लिहायला गेल्या.

सोडलं नाही त्यांनी. रडतखडत झालं ते काम. तोंडी परीक्षेला त्यांच्या घरचं माणूस म्हणून मी एकटीच होते. पास झाल्या. बरोबरीच्या पोरांनी इथल्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याची डॉक्टरांची टोपी घातली, ती कानावर घसरली.

घरी मंदारने जेवणाची तयारी केली होती, पण वाटेत आम्ही त्यांच्या हॉस्पिटलपाशी उतरलो. "वॉर्डात पेढे देऊन लगेच येते," म्हणून त्या आत गेल्या. मी बाहेर ट्रामच्या थांब्यावरच्या बाकावर. लगेच काही आल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा थकलेला.

"सॉरी गं. सोडतच नव्हतं."

"कोण?"

"नवीन बाळ आलंय. आई अजून ऑपरेशनमध्ये. त्याने बोट धरून ठेवलं."

मी हसले. "आज तरी सुट्टी घ्यायची, डॉक्टरीणबाई!"

"खरं तर ते धरत नाही, मुठीत काही आलं की मूठ मिटते, एवढंच. प्रबंधात मीच लिहिलंय." त्या माझ्या शेजारी टेकल्या. "माहितीये गं. पण घरी जायला निघाले की मला धरून ठेवणारं दुसरं कोण आहे?"

मी त्यांचा हात हातात घेतला. आमची ट्राम आली, गेली. दोघीही उठलो नाही.