टाकीतला थोरला

थोरला टाकीच्या तळाशी उकिडवा बसून सिमेंटची भुकटी खरवडत होता, तेवढ्यात धाकट्यानं वरच्या भोकातून शिडी ओढून घेतली. "दादा, पन्हळ बांधतो आणि लगेच आणून देतो," तो म्हणाला. 'लगेच' हा धाकट्याचा जुना आजार होता.

बोडक्या डोंगराच्या माथ्यावर ही पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती. पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला दोन पुरुष खोल टाकी बांधायची ठरली, पण सिमेंट डोक्यावरून चढवता चढवता पावसाळाच संपत आला. आता उरली होती शेवटची एखादी सर. ती हुकली की वर्षभर बायकांनी पुन्हा दरीतल्या झऱ्याला जायचं. मागच्या उन्हाळ्यात त्याच उतारावर थोरल्याच्या बायकोचा, थोरलीचा, पाय घसरला आणि पोटातलं पोर गेलं. तिला वर उचलून आणलं तेही बायकांनीच. पाणी हे बायकांचं काम, तेव्हा पाण्यापायी पडणंही त्यांच्याच वाट्याचं. तेव्हापासून थोरलीच्या डोक्यात एकच होतं, टाकी भरायची.

धाकट्यानं छपरावर चढून घरातल्या एकुलत्या जाड दोरानं पन्हळ आवळली. तेवढ्यात वाऱ्यानं शिडी पाडली आणि ती घरंगळत दरीत गेली. मागोमाग पाऊस कोसळला.

"शिडी आण रे!" टाकीतून आवाज आला.

"गेली," छपरावरून उत्तर आलं.

"कुठं गेली?"

"सांगून नाही गेली, दादा."

थोरली आणि सासूनं चादरींना गाठी मारून आत सोडल्या. थोरला अर्ध्यावर आला आणि चादर फाटली. शेजारी ओढ्यापलीकडे, ओढा फुगलेला. डोंगरावर शिडीसारखं आत सोडायला एक धड झाड नाही. पन्हळीतून पाणी धो धो थोरल्याच्या डोक्यावर पडत होतं.

"वहिनी, दोर सोडून देऊ का?" धाकटा ओरडला. "पण मग पन्हळ खाली येईल हां. सगळं पाणी दरीत!"

थोरली भोकाशी वाकली. "अहो, कुठवर आलंय?"

"गुडघ्याला! सोडायला सांग की दोर!"

"पोहता येतं तुम्हाला?"

"कुठं शिकणार? पाणी होतं का इथं कधी?"

थोरलीला रडू फुटलं. नवरा हवाच होता, पण ही टाकीही हवी होती. ती धावत आत गेली आणि झऱ्यावर न्यायचे दोन रिकामे डबे आणून, झाकणं घट्ट लावून तिनं खाली टाकले.

"काखेत धरा. पाणी वाढेल तसे वर याल."

"आणि नाही आलो तर?"

"गळ्याशी आलं की हाक मारा. दोर सोडायला सांगते."

बराच वेळ हाक आली नाही. शेवटी तिनंच विचारलं, "अहो! सोडू का?"

"नको," आतून दात वाजल्याचा आवाज आला. "भरू दे टाकी."

दिवस मावळायच्या आत त्याचे निळे पडलेले हात काठाला लागले. दोघींनी त्याला ओढून काढलं. टाकी काठोकाठ भरली होती आणि पाऊसही थांबला होता. थोरली त्याला धरून रडली. छपरावर धाकटाही रडला, कारण त्याला उतरवायचं कुणाच्या लक्षातच नव्हतं.

सासूनं टाकीतून तांब्या भरला. "घे थोरल्या, पहिला मान तुझा."

थोरल्यानं मान खाली घातली. "नको. तहान नाही."

"मग सुनेला देते."

"तिला नको देऊस!" तो ओरडलाच.

थोरलीनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अहो, दिवसभर आत होतात. मधे लघवीला?"

"थंडी किती होती, कल्पना आहे का तुला?"

"दादा, किती वेळा?" छपरावरून धाकट्यानं विचारलं.

टाकीच्या पाण्यात कपडे धुतले, बकऱ्यांना पाजलं. बकऱ्यांची काही तक्रार नव्हती, माणसांचं मात्र मन होईना. पाऊस पुन्हा फिरकला नाही. पावसात अंगणात मांडलेल्या भांड्यांतलं पाणी संपलं, तेव्हा थोरलीनं निमूटपणे डबा उचलला.

थोरल्यानं तो तिच्या हातातून काढून घेतला. "मी जातो."

"पुरुषानं पाणी भरायचं?" सासू कडाडली. "लोक काय म्हणतील?"

"मग काय, टाकीचं कारण सांगू त्यांना?"

थोरला डबा खांद्यावर टाकून तरातरा निघाला आणि उताराच्या तोंडाशी घोटाळला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग मागे वळला.

"अगं, झऱ्याला वाट कुठली?"

थोरलीनं बोटानं वाट दाखवली.

"डावीकडची," ती म्हणाली. "आणि काळ्या दगडाला धरून उतरा. तिथं पाय घसरतो."