दोन वाट्या गाजर

लेक साक्षी शनिवारी पुण्याहून येणार होती आणि सोमवारी सकाळी हिरालाल मेश्रामांना दिसलं, की आपले तळहात पिवळे पडलेत. त्यांनी साबण लावला, मग भांड्याची घासणी घेतली. हात झोंबले, पिवळेपणा तसाच.

गोष्ट साधी नव्हती. बायकोला, शांताबाईंना, जाऊन वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून लेकीचा एकच हेका होता, "बाबा, पुण्याले चला." शेवटी दोघांत ठरलं. ती येईल, तब्येत पाहील. ठीक असली तर बाबा रायपुरात राहतील, नाहीतर सामान बांधायचं. हिरालालांना शंकर नगरचं घर सोडायचं नव्हतं. दारातली पपई शांतानं लावली होती आणि तिला यंदा पहिल्यांदा फळ धरलं होतं.

तब्येतीचा उपाय साक्षीनंच सांगितला होता. ती प्रयोगशाळेत अन्नघटकांवरच काम करते. "बाबा, पेशींनाही गंज चढते. त्यानं हार्ट, डोळे, सगळ्याचा त्रास वाढते. गाजरातला रंग तो गंज रोकाले मदत करते. पेशीतल्या जीन्सवर पण असर होते त्याचा. कोणतं काम चालू, कोणतं बंद."

"म्हणजे पॅनलवरचे स्विच."

"हव, तसंच समजा. पण हा रंग पाण्यात नाही, चिकनाईत घुलते. तेल-तुपात परतून खा. रोज एक वाटी."

सिलतऱ्याच्या कारखान्यात तीस वर्षं मेंटेनन्स केलेल्या माणसाला गंज समजावून सांगावा लागत नाही. तीन महिन्यांत त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता.

शेजारचा नत्थू पेपर परत द्यायला आला आणि पेपराऐवजी त्यानं हात धरला.

"हिराभाऊ, हा तर पीलिया! कावीळ!"

"नाही रे. भूक लागते मले, मस्त झोप येते."

"पीलियात तसंच असते."

"पीलियात भूक मरते, नत्थू."

"मग हा आतला पीलिया असन."

दुपारपर्यंत नत्थूनं तात्यापारा मोहल्ल्यातून पीलियाची माळ आणली. जडीबुटीच्या काड्या दोऱ्यात गुंफलेल्या. ती रोज लांब होत जाते आणि गुडघ्याला लागली की रोग उतरला, असं आणणारे सांगतात.

"आपल्या घरी झाडफूक चालत नाही," हिरालाल म्हणाले.

"मंतर कुठं आहे याच्यात? काड्या आहेत. अन् हे हात दाखवून पुण्याले जाता काय?"

हिरालालांनी मान पुढे केली.

वर पथ्य आलं. तेल-तूप बंद, दोन वेळा उसाचा रस. हिरालालांनी रस घेतला. पण तुपाशिवाय गाजर अंगी लागत नाही, असं लेकीनं बजावलेलं. म्हणून दार लावून त्यांनी तुपातलं गाजरही चालू ठेवलं. शुक्रवारी माळ बेंबीवर आली आणि हात आणखी पिवळे झाले.

"माळ उतरून राहिली," नत्थू डोकं खाजवत म्हणाला, "मंग पीलिया काहून चढून राहिला?"

शनिवारी साक्षीनं बेल वाजवली. दारात बाबा उभे होते. हातात कारखान्यातले चामडी हातमोजे, सदऱ्याखालून काड्या लोंबताहेत.

"बाबा, ये क्या है?"

"बागकाम."

"गले में?"

तिनं हातमोजे ओढून काढले. तळहात पाहिले आणि मटकन खुर्चीत बसली. "बस झालं. सामान बांधा."

"मी तर म्हणलंच होतं, पीलिया आहे," बेल ऐकून आलेला नत्थू म्हणाला.

पीलिया म्हटल्याबरोबर साक्षी उठली. बाबांना उजेडात नेऊन तिनं त्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या. मग दुसऱ्यांदा पाहिल्या.

"डोळे तर पांढरे आहेत. पीलियात डोळे पहिले पिवळे होतात. बाबा, गाजर किती खाता?"

"दोन वाट्या. मोठ्या."

"मी एक सांगितली होती!"

"तुझ्या आईनं शिकवलं तेवढीच भाजी येते मले. तिचं माप दोघांचं. तिची वाटी उरते. टाकवत नाही."

नत्थू उगाच पपईकडे पाहू लागला. साक्षीनं बाबांच्या गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली.

तरी तिनं रक्त तपासून घेतलंच. लिव्हर, शुगर, सगळं ठीक निघालं. "नुसता गाजराचा रंग आहे, उतरेल. पण दुप्पट खाल्लं म्हणून फायदा दुप्पट होत नाही, बाबा."

"समजलं. बेअरिंगले ग्रीस बोटानं लावतात, बादलीनं नाही." मग त्यांनी हळूच विचारलं, "अन् सामान?"

"राहू द्या. पण आईच्या वाटीचं काय करता?"

दोघांनीही नत्थूकडे पाहिलं.

दीड महिन्यानं साक्षीचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, हात दाखवा." हात जसे असावेत तसे होते. "और नत्थूकाका? खाते हैं ना?"

"रोज येते. इथंच बसला आहे."

"काका, आप भी हाथ दिखाओ."

नत्थूनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. हिरालालांनी ओढून पुढे आणले. पिवळेजर्द.

"मी काय करू?" नत्थू रडवेल्या आवाजात म्हणाला. "तुमचा रिपोर्ट पाहून आमच्या घरीही रोज एक वाटी सुरू झाली. बायकोले नाही म्हणता येत नाही, अन् शांतावहिनीच्या वाटीले कसं म्हणू?"

हिरालाल उठले, खुंटीवरची माळ काढली आणि नत्थूच्या गळ्यात घातली.

"घे. बेंबीपर्यंत माझ्याच अंगावर उतरली आहे. तुले आता फक्त गुडघ्यापर्यंत न्यायची."