द्वारकाबाईंची आठवण बिघडली त्याची हकिकत

कुठलीही भावकी टिकून राहते ती भांडणामुळं, आणि भांडण टिकतं ते कुणीतरी नीट लक्षात ठेवल्यामुळं. मुरुम गावच्या महांतप्पांच्या भावकीत हे जबाबदारीचं काम त्यांच्या पत्नी द्वारकाबाई एकोणीस वर्षं विनातक्रार करत होत्या. धाकटा दीर रेवणप्पा आणि जाऊ निलावती यांनी कुठल्या लग्नात पाठ फिरवली, कुठल्या बारशाचा निरोप दिला नाही, हे त्यांना तिथीवारासह पाठ होतं. महांतप्पा फक्त रागवायचे. कशावर, ते द्वारकाबाई सांगायच्या.

एवढं लक्षात ठेवायचं म्हणजे झोप लागत नाही, घास उतरत नाही, भाकरी थापता थापता डोळे गळतात. (घरात पहिली अकरा वर्षं ही लक्षणं 'स्वभाव' या सदरात गणली गेली.) शेवटी नर्सिंग शिकणारी मुलगी निकिता आईला धाराशिवला, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. उदासीचा आजार निघाला. रोज न्याहारीनंतर एक पांढरी गोळी सुरू झाली.

पंधराव्या दिवशी अनर्थ घडला. भावकीतल्या एका पुतणीच्या साखरपुड्यात, भर पंगतीत द्वारकाबाई म्हणाल्या, "निकिताला गोवर आल्ता तवा निलावतीनं सहा दिवस तिला मांडीवरून खाली ठिवलं न्हाय. मला तर तापानं बसवतबी नव्हतं."

वाढपी बुंदीचं ताट घेऊन जागीच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई जावेकडं चहाला गेल्या.

भावकीची तातडीची बैठक भरली. उपस्थिती एकतीस. (बायकांना कळवण्याची गरज भासली नाही.) भांडणाचं मूळ कारण काय, यावर नऊ मतं पडली; त्यांतली दोन दुसऱ्याच भांडणाची निघाली. तेव्हा महांतप्पांना धाराशिवला धाडण्यात आलं.

"म्याडम, गोळीनं हिची आठवण गेली," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

"गेली नाही. आधी दुखरं तेवढंच वर यायचं, आता चांगलंही येतं. मन हलकं व्हायच्या आधीच कधीकधी आठवणीचा कल बदलू लागतो. त्यांना दोन्ही बाजू दिसायला लागल्यात."

महांतप्पांनी विचार केला. "त्यातली एक बाजू बंद ठिवता यील का?"

"नाही. आणि गोळी मधेच थांबवू नका."

घरी येऊन महांतप्पांनी गोळ्या तुरीच्या पोत्यामागं ठेवल्या आणि दुकानात संपल्यात असं सांगितलं. द्वारकाबाईंना गरगरायला लागलं. जावेकडचा चहा थांबला. दहाव्या दिवशी त्या डोळे पुसत ओसरीवर येऊन बसल्या. महांतप्पांनी समाधानानं भावकीतल्या चौघांना बोलावून घेतलं. आठवण पूर्ववत झाली, याला साक्षीदार हवेत.

"माझी आई गेली," द्वारकाबाईंनी नवऱ्याकडं बघत सुरुवात केली, "तवा तुमी म्हणलात, पेरणी हाय, परवा जा."

एका साक्षीदारानं पायानं चप्पल चाचपायला सुरुवात केली.

"निकिता झाली, तर चार दिवस तोंड बघाया आला न्हाईत. दवाखान्यात न्या म्हणलं, तर तुझा स्वभावच हाय म्हणलात."

आवाज न चढवता त्या जेवणवेळेपर्यंत बोलत होत्या. निलावतीचं नाव एकदाही आलं नाही. चौघंही एकेक करून जनावरांना वैरण टाकायला निघून गेले. (त्यांतल्या दोघांकडं जनावरं नव्हती.)

महांतप्पा बसून राहिले. सासूबाई गेल्या तो दिवस त्यांना आठवत होता. त्या दिवशी पेरणी नव्हतीच, हेही आठवलं. ते उठले, पोत्यामागून पाकीट काढलं, पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"ही कुठं हुती?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"हुती," महांतप्पा म्हणाले. "निकिताला फोन लाव. म्याडमला इचारायला सांग, मधी खंड पडला तर पुन्हा कशी घ्यायची."

आता न्याहारी झाली की गोळी महांतप्पाच हातावर ठेवतात. दोन्ही घरांचं भांडण पुराव्याअभावी मिटलं आहे. बायकोला एवढं जपणारा माणूस म्हणून मुरुमात त्यांचं नाव घेतलं जातं.

ज्या वाचकांच्या घरी मागचं कुणी काही काढत नाही, त्यांनी आनंद जरूर मानावा. फक्त घरची माणसं विसरलीत की गप्प आहेत, एवढं एकदा विचारून घ्यावं. विचारताना शेजारीपाजारी नसलेले बरे.