तुटक रेघेचा प्रताप

आमच्या ऑफिसातून एकही इंग्रजी पत्र माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही! हे मी नाही, आमचे हेडक्लार्क सांगतात. कंटाळून सांगतात, ते सोडा. त्यामुळे बायकोच्या शिवणाच्या दुकानाचा कापडी फलक पाहिला आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

अकरा वाजता एका हॉटेलच्या मॅनेजरबाई येणार होत्या. त्यांना काम पसंत पडलं, तर हॉटेलातल्या सगळ्या नोकरांचे गणवेश आमच्याकडे! त्यासाठी बायकोने आठ दिवस खपून फलक रंगवला होता. एका ओळीत वीतभर उंचीची निळी इंग्रजी अक्षरं : हँड स्टिच्ड, मेड टू मेझर, वेल फिटिंग, ईझी टू वॉश युनिफॉर्म्स.

"अगं, हायफन कुठायत?"

"ते काय असतं?"

"दोन-तीन शब्द मिळून नामाच्या आधी एकच विशेषण म्हणून उभे राहिले, की मध्ये छोटी आडवी रेघ लागते. नामानंतर आले तर सहसा नको."

"रेघ नाही म्हणून हॉटेलवाले उघडे फिरणार आहेत का?" असं म्हणून ती इस्त्रीकडे वळली.

विद्वानांची घरात हीच किंमत! मी गुपचूप फलक कापड कापायच्या टेबलावर पसरला, खडू घेतला, फूटपट्टी लावली आणि शब्दांमधल्या जागांत, अक्षरांच्या बरोबर अर्ध्या उंचीवर सहा रेघा एका रांगेत ओढल्या. मग त्या रंगवायला निळा रंग आणायला कोपऱ्यावर गेलो.

परत येतो तो काय! फलकाचे दोन लांबलचक पट्टे! एकावर अक्षरांची डोकी, दुसऱ्यावर पाय!

"मास्तर, हे काय केलंत?"

"कापलं की!" कटिंगमास्तर कात्री पुसत म्हणाले. "तुटक रेघ होती ना, साहेब. बघा, सूतभर वाकडं नाही!"

"अहो, अक्षरं आहेत ती!"

"मला इंग्रजी कुठं येतंय? म्हटलं, ताईंना नक्षीच्या दोन झालरी हव्या असतील."

त्यांचं काय चुकलं? दुकानाचा शिरस्ताच तो : अखंड रेघेवर शिलाई, तुटक रेघेवर कात्री. मला तो ठाऊक नव्हता, कारण दहा वर्षांत मी तिथे फक्त चहा प्यायलो होतो.

"अहो, हे कुणी आखलं?" बायकोने विचारलं. मी छताकडे पाहू लागलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साडेदहा वाजले होते. ती तडक मशीनवर बसली. मास्तरांनी पट्टे धरले, मला लांब उभं राहण्याचं काम मिळालं. पंचवीस मिनिटांत फलक पुन्हा अखंड झाला. अक्षरं जराशी बुटकी झाली आणि माझ्या सहाही रेघा शिलाईत गडप झाल्या.

मॅनेजरबाई आल्या त्या फलकापाशीच थबकल्या. त्यांनी कापडावरून बोट फिरवलं.

"जोड आहे इथे! पण डोळ्यांना दिसत नाही. कुणी शिवलंय?"

"मीच."

"मग गणवेश तुम्हीच शिवायचे!"

माझी छाती फुगली. शेवटी कुणामुळे झालं हे? तेवढ्यात बाई दारातून वळल्या.

"फक्त एक करा, ताई. इंग्रजी येणाऱ्या कुणाला तरी हे दाखवून घ्या. एकही हायफन दिलेला नाही!"

बायकोने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं.

"शोधते हं," ती गोड आवाजात म्हणाली. "आमच्या ओळखीत तसं कुणी नाही."